चूकभूल द्यावी घ्यावी

जुन्या हिशेबाच्या कागदाखाली, बेरीज मांडून झाल्यावर आणि सही होण्यापूर्वी, ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ हे तीन शब्द लिहिण्याची जी रीत आपल्या पेढ्यांत, दुकानांत आणि कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिचा अर्थ मला पुस्तकातून कळण्यापूर्वी कोयनानगरच्या वसाहतीतील आमच्या दोन खोल्यांच्या घरात, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माझ्या वडिलांच्या हातून कळला. आबा धरणाच्या कामावरील एका कचेरीत हिशेबनीस होते. महिनाअखेरीस ताळा जमेनासा झाला, की फरकाची रक्कम एका चिटोऱ्यावर लिहून ते तिला नवाने भागून पाहत, भाग नेमका गेला, की म्हणत, “आकड्यांची अदलाबदल झाली आहे, १५२० च्या जागी कोणीतरी १२५० लिहिले असणार.” मग ती जागा सापडे. परंतु सापडल्यावर तिच्यावर रबर किंवा चाकूचे पाते चालवणे त्यांना मान्य नसे. चुकीची नोंद जशीच्या तशी राहू देऊन, त्या दिवसाच्या तारखेखाली २७० रुपयांची दुसरी नोंद ते लाल शाईने करीत, बेरीज जुळवीत, आणि मला समजावीत, की खाडाखोड केलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवीत नाही, लाल शाईच्या वहीवर ठेवतात.

पुढे महाविद्यालयात जीवाणुशास्त्र शिकताना आणि त्यानंतर आयुष्यभर तेच शिकवताना मला वारंवार जाणवत आले, की सृष्टीच्या अतिसूक्ष्म दप्तरातही हीच रीत फार पूर्वीपासून चालू आहे. जीवाणूच्या किंवा त्याला ग्रासणाऱ्या विषाणूच्या आनुवंशिक मजकुरात एखादे अक्षर बदलते, त्यास उत्परिवर्तन म्हणतात. त्या बदलाने एखादे आवश्यक प्रथिन निकामी होते. आणि काही पिढ्यांनंतर, ती मूळ चूक जागच्या जागी असतानाच, मजकुरात अन्यत्र दुसरा बदल घडून कारभार पुन्हा सुरळीत चालू लागतो. या घटनेला शास्त्रात इंग्रजीतून ‘सप्रेशन’ म्हणतात, आणि त्याचा तर्जुमा ‘दमन’ असा करण्याचा मोह होतो. मला मात्र ‘शमन’ हा शब्द अधिक न्याय्य वाटतो. कारण येथे कोणी कोणास दडपीत नाही, एका बदलाने दुसऱ्याला सांभाळून घेतलेले असते. या शमनाचा शोध कसा लागला, त्यात आपल्या देशातील माणसांचा वाटा किती मोठा होता, आणि त्यातील एक महत्त्वाचा धागा नेमका त्याच वर्षी मुंबईत कसा येऊन पोहोचला, ज्या वर्षी कोयनेची वीज वाहू लागली, ही हकीकत मराठी वाचकांपुढे तपशिलाने मांडावी, असे फार दिवस मनात होते.

या इतिहासाचा आरंभ प्रयोगशाळेत झाला नाही, नदीच्या पाण्यात झाला. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी हा हिंदुस्थानातील नदीकाठच्या गावांचा, यात्रांचा आणि वाऱ्यांचा नित्याचा घाला होता. कृष्णा-कोयनेच्या काठचा आमचा मुलूखही त्याला अपवाद नव्हता. आग्र्यास सरकारी रसायन-परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ साली पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात असे नमूद केले, की गंगा आणि यमुना यांच्या पाण्यात पटकीच्या जंतूंचा नाश करणारे काहीतरी आहे, आणि पाणी उकळले असता तो गुण नाहीसा होतो. ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, याचा उलगडा दोन दशकांनी झाला. १९१५ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स द’हेरेल यांनी जीवाणूंना ग्रासून फोडून टाकणारा अदृश्य घटक स्वतंत्रपणे वर्णन केला. द’हेरेल यांनी त्याला जीवाणुभक्षक या अर्थाचे नाव दिले, आणि तो विषाणू पटकीवर औषध म्हणून वापरून पाहण्यासाठी ते १९२७ साली हिंदुस्थानात आले. औषध म्हणून त्याचे यश संमिश्र राहिले आणि प्रतिजैविकांच्या आगमनानंतर त्याचा बहुतेक जगाला विसर पडला. परंतु ज्या भक्षकाला वैद्यांनी बाजूला ठेवले, त्याला आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी उचलून घेतले, आणि येथून कथेला खरे वळण मिळाले.

त्यांनी तो का निवडला, हे एकदा काचेची बशी डोळ्यांसमोर धरली म्हणजे ध्यानात येते. तळहाताएवढ्या बशीत पोषक आगराचा थर ओतावा, त्यावर जीवाणूंचे दाट मिश्रण पसरावे आणि रात्रभर ऊब द्यावी. सकाळी त्या थरावर दुधाच्या सायीसारखे फिकट, धूसर आच्छादन चढलेले असते. त्यात आदल्या रात्री काही विषाणू मिसळले असतील, तर जेथे जेथे एक विषाणू पडला तेथे तेथे एक स्वच्छ, पारदर्शक गोल भोक दिसते, जणू धुके पुसून खिडकीच्या तावदानावर बोट टेकवले आहे. एका बशीवर कोट्यवधी विषाणूंची परीक्षा एका रात्रीत होते, आणि त्यांतला एखादाच इतरांहून वेगळा असला तरी त्याचे भोक त्याची साक्ष देते. टी-४ नावाच्या विषाणूचा एक विकृत प्रकार असा आहे, की जीवाणूंच्या एका जातीवर तो वाढतो पण दुसऱ्या जातीवर मुळीच वाढत नाही. दुसऱ्या जातीच्या बशीवर असे कोट्यवधी विकृत विषाणू ओतले आणि तरीही मूठभर भोके पडली, तर ती भोके पाडणारे विषाणू कोणत्या तरी मार्गाने सुधारलेले आहेत, एवढे निश्चित होते.

परंतु सुधारले म्हणजे नेमके काय झाले? येथे दोन शक्यता उभ्या राहतात. बदललेले अक्षर पुन्हा पूर्वीसारखे झाले असेल, किंवा ते तसेच राहून मजकुरात अन्यत्र दुसरा बदल झाला असेल. ही दुसरी शक्यता फळमाशीत १९२० सालीच आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांना दिसली होती. पण तिची खरी कसोटी सूक्ष्मजीवांत लागली, आणि ती कसोटी फार सुंदर आहे. सुधारलेल्या विषाणूचा मूळच्या निरोगी विषाणूशी संकर करावा. चूक खरोखर पुसली गेली असेल तर संततीत सगळे निरोगीच निघतात. परंतु चूक झाकली गेली असेल, तर संकरात झाकण आणि चूक यांची फारकत होते, आणि काही संततीत ती जुनी विकृती, पिढ्यान्‌पिढ्या दडून बसलेली, जशीच्या तशी पुन्हा वर येते. लाल शाईची नोंद वहीतून काढून घेतली, की २७० रुपयांचा फरक परत दिसू लागावा, तसाच हा प्रकार.

१९६१ साली केंब्रिजमध्ये फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि त्यांचे सहकारी यांनी याच कसोटीचा उपयोग करून आनुवंशिक लिपीचे स्वरूप उलगडले. त्यांनी प्रोफ्लेविन या रंगद्रव्याने घडवलेली एक विकृती घेतली, तिच्या आसपास घडणारी शमने गोळा केली, आणि त्या शमनांचीही शमने शोधली. त्यांचा युक्तिवाद आपल्या तीन अक्षरी शब्दांनी चांगला समजतो. ‘कमळ गवत बदक शहर नजर’ ही ओळ जागा न सोडता, सलग तीन-तीन अक्षरांनी वाचायची आहे असे समजा. पहिल्या शब्दानंतर ‘प’ हे एक अक्षर आगंतुकपणे शिरले, की वाचन होते ‘कमळ पगव तबद कशह रनज र’, आणि पुढचा सगळा मजकूर निरर्थक होतो. आता पुढे ‘बदक’मधला ‘क’ गळाला, तर वाचन होते ‘कमळ पगव तबद शहर नजर’. मधले दोन शब्द बिघडलेलेच राहिले, परंतु ‘शहर’पासून ओळ पुन्हा मार्गी लागली. एक भर आणि एक घट, या दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात. दोन भरींनी मात्र हे साधत नाही. तिसरी भर पडली, की ‘कमळ पगव तयब दकस शहर नजर’ अशी ओळ पुन्हा रुळावर येते. विषाणूंतही नेमके हेच घडले: एकाच चिन्हाची दोन उत्परिवर्तने एकत्र आणली तर विषाणू निकामीच राहिला, तीन आणली तर तो पुन्हा वाढू लागला. त्यावरून आनुवंशिक लिपी तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते, हा निष्कर्ष ३० डिसेंबर १९६१ रोजी प्रसिद्ध झाला. बशीवरील भोके मोजून सृष्टीची लिपी वाचल्याचा याहून सरळ दाखला मला ठाऊक नाही.

अमेरिकेत चार्ल्स यानोफ्स्की आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड हेलिन्स्की यांनी ई. कोलाय या जीवाणूच्या एका प्रथिनात त्याहूनही विस्मयकारक प्रकार पाहिला. त्या प्रथिनातील एक दुवा बदलला, ग्लायसीनच्या जागी ग्लुटामिक आम्ल आले, आणि प्रथिन निकामी झाले. दुसऱ्या जागी टायरोसीन जाऊन सिस्टीन आले, तरीही प्रथिन निकामीच झाले. परंतु हे दोन्ही बदल एकाच प्रथिनात एकत्र आले, तेव्हा ते पुन्हा काम करू लागले. वेगवेगळे घेतले तर दोन्ही दोष घातक, एकत्र नांदले तर दोघांनीही निभावून नेले! प्रथिनाची घडी ही दुव्यांच्या परस्पर आधारावर उभी असते, हे ज्ञान अशा शमनांनी स्पष्टपणे दिले.

आता आपल्या माणसांकडे वळू. ओबेद सिद्दिकी यांचा जन्म १९३२ साली उत्तर प्रदेशातील बस्ती येथे झाला. शिक्षण अलीगढला आणि पुढे ग्लासगोत ग्विडो पॉन्तेकोर्व्हो यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. तेथून ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन गॅरेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. गॅरेन यांचा अभ्यास ई. कोलायच्या अल्कलाइन फॉस्फटेज या विकरावर चालू होता, आणि हे विकर निवडण्यात मोठी दूरदृष्टी होती. जीवाणूला फॉस्फेटची चणचण भासली, की तो हे विकर तयार करतो. आणि बशीवरील वसाहतींवर एक वर्णहीन फॉस्फेट-संयुग शिंपडले, तर ज्या वसाहतींत हे विकर आहे त्या पिवळ्याधमक होतात आणि ज्यांत ते नाही त्या फिकट राहतात. शेकडो फिकट ठिपक्यांमध्ये एकच पिवळा ठिपका, मातीत पडलेल्या हळकुंडासारखा, नजरेत भरतो. बिघडलेल्या जीवाणूंतून सुधारलेला जीवाणू शोधायला याहून सोपी खूण कोणती?

गॅरेन आणि सिद्दिकी यांना असे आढळले, की फॉस्फटेज गमावलेल्या जीवाणूंच्या एका गटात, मूळ जनुकापासून दूर असलेल्या एका शमनकारी जनुकामुळे, विकर पुन्हा निर्माण होऊ लागते. आणि एकच शमनकारी जनुक मूळ जनुकातील वेगवेगळ्या जागांच्या अनेक चुका झाकते, मात्र सगळ्याच चुका झाकीत नाही. सीमोर बेन्झर आणि सेवेल चॅम्प हे त्याच सुमारास विषाणूंत अशाच निष्कर्षाकडे येत होते. यावरून विचाराची दिशाच बदलली. औषध रोग्यापुरते नसून एका विशिष्ट रोगापुरते आहे. म्हणजे या सगळ्या चुकांत काहीतरी समान असले पाहिजे, आणि ते समान असे, की प्रत्येक ठिकाणी एक अर्थपूर्ण शब्द बदलून त्याच्या जागी एकच निरर्थक शब्द आलेला आहे. त्या शब्दापाशी प्रथिनाचे बांधकाम अर्ध्यावर थांबते, आणि शमनकारी जनुक त्या निरर्थक शब्दाला पुन्हा अर्थ देते. हा शोधनिबंध १९६२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी सिद्दिकी मायदेशी परतले. भौतिकशास्त्रज्ञ असूनही जीवशास्त्रात रमलेल्या लिओ झिलार्ड यांनी त्यांच्याविषयी होमी भाभांना शिफारस केली होती, आणि भाभांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग काढण्याचे काम या तिशीच्या तरुणावर सोपवले. कुलाब्याच्या टोकाला, समुद्रावर नजर ठेवून उभी असलेली संस्थेची नवी वास्तू पंडित नेहरूंच्या हस्ते त्याच वर्षीच्या जानेवारीत खुली झाली होती. आणि गणिताच्या व अणुकेंद्राच्या त्या माहेरघरात जीवाणूंच्या बशा, उबवणीची कपाटे आणि विषाणूंच्या कुप्या आल्या. तेथे सिद्दिकी यांनी जीवाणूंच्या संयोगात जनक पेशींचा डीएनए संततीत कसा सामावतो यावर काम केले. पुढे बेन्झर यांच्यासमवेत फळमाशीच्या मज्जासंस्थेकडे ते वळले. आणि कालांतराने त्याच विभागातून बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. २०१३ साली ते निवर्तले, तोवर भारतातील नव्या जीवशास्त्राच्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

आमच्या घरी १९६२ हे वर्ष निराळ्या कारणाने स्मरणात होते. त्या वर्षी सह्याद्रीच्या पोटातील, पोफळीच्या बाजूच्या भूमिगत वीजगृहातून कोयनेची वीज बाहेर पडू लागली. महाबळेश्वराच्या माथ्यावरून निघून दक्षिणेकडे धावणारी आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळून कराडला कृष्णेस मिळणारी ही नदी, तिचे पाणी देशमुखवाडीजवळ अडवून, डोंगरातून बोगद्याने पश्चिमेस वळवून कोकणात खाली सोडायचे, ही योजना म्हणजे नदीच्या स्वाभाविक मार्गाचेच एक प्रचंड उत्परिवर्तन होते. मुंबईच्या कारखान्यांना तिने बळ दिले आणि लोकांनी तिला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हटले. शिवसागर जलाशयाच्या पोटात ज्यांची घरे, देवळे आणि भातखाचरे गेली, त्यांनी त्या भाग्याची किंमत मोजली, आणि त्या किमतीची भरपाई करणारी नोंद आपल्या सार्वजनिक वहीत आजही अपुरी आहे, हे मला येथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

गॅरेन आणि सिद्दिकी यांना दिसलेल्या त्या निरर्थक शब्दाचा पुढील शोध जगभर पसरला. कॅलिफोर्नियात टी-४ विषाणूची अशी उत्परिवर्तने सापडली होती, जी शमनकारी जीवाणूवर वाढतात आणि साध्या जीवाणूवर वाढत नाहीत. ती शोधण्यास मदत करणाऱ्या हॅरिस बर्नस्टाइन या विद्यार्थ्याच्या आडनावाचा जर्मन भाषेतील अर्थ तृणमणी, म्हणून त्यांना ‘अँबर’ हे नाव पडले. त्याच परंपरेने दुसऱ्या निरर्थक शब्दाला गेरूचे आणि तिसऱ्याला ओपल या रत्नाचे नाव मिळाले. लिपीतील ६४ शब्दांपैकी हे तीनच पूर्णविरामाचे, उरलेले ६१ प्रथिनाच्या दुव्यांचे. अहमदाबादच्या साराभाई कुटुंबातील आनंद साराभाई हे केंब्रिजमध्ये ब्रेनर यांच्याबरोबर काम करीत होते; त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखवून दिले, की विषाणूच्या शिरोभागातील प्रथिनाच्या जनुकावर अँबर उत्परिवर्तन जितके पुढे असेल तितका प्रथिनाचा तुटका तुकडा लांब निघतो. जनुकातील क्रम आणि प्रथिनातील क्रम एकमेकांशी बरहुकूम जुळतात, हे अशा रीतीने अर्धवट राहिलेल्या कामांच्या मोजमापावरून सिद्ध झाले. १९६५ साली ब्रेनर यांच्या आणि गॅरेन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे अँबरचा शब्द यू-ए-जी असल्याचे ठरवले.

मग शमनकारी जनुक करते तरी काय? पेशीत आनुवंशिक मजकुराच्या नकलेतील तीन अक्षरे वाचून त्यांस जुळणारा दुवा आणून देणारे लहानसे रेणू असतात. त्यांना वाहक आरएनए म्हणतात, आणि कार्याने ते दुभाषेच आहेत, एका हाताने लिपी वाचतात आणि दुसऱ्या हाताने अर्थ पुढे करतात. १९६५ साली एका विषाणूचा आरएनए परीक्षानळीत वाचून घेणाऱ्या प्रयोगांत असे दिसले, की शमनाचे सामर्थ्य याच रेणूंत असते. आणि १९६८ साली केंब्रिजमध्ये टायरोसीनच्या वाहकाचे एकच अक्षर, नेमके वाचनाच्या टोकावरचे, बदलले की तो यू-ए-जी या पूर्णविरामालाच टायरोसीनचा शब्द समजून वाचू लागतो, हे प्रत्यक्ष दाखवले गेले. म्हणजे दस्तऐवजात चूक झाली आणि दुभाष्यातही चूक झाली. दुभाष्याच्या चुकीने दस्तऐवजाची चूक निभावली.

ही तजवीज फुकट नसते, हेही सांगितले पाहिजे. जो दुभाषी अनाठायी पूर्णविराम ओलांडतो, तो योग्य जागचा पूर्णविरामही अधूनमधून ओलांडणारच. पेशी तगते ती एवढ्यासाठी, की टायरोसीनच्या वाहकाच्या एकाहून अधिक प्रती तिच्यापाशी असतात, त्यामुळे एक बदलली तरी नेहमीचे काम अडत नाही, शिवाय अँबर वाहकाचे शमन पूर्ण नसते, दर वेळी काही बांधकामे मधेच थांबतात आणि काहीच पुरी होतात, आणि ई. कोलाय आपल्या खऱ्या पूर्णविरामासाठी अँबरचा शब्द फार क्वचित वापरतो. गेरूच्या शब्दाचे शमन करणारे वाहक दुबळे असतात, कारण तो शब्द पेशीच्या खऱ्या कारभारात वारंवार येतो आणि तेथे जोरकस ढवळाढवळ झाली तर पेशीच बुडेल. सांभाळून घेण्यालाही मर्यादा असते, आणि ती मर्यादा ओळखणारीच पेशी टिकते.

हरगोविंद खोराना यांनी या कथेला कळस चढवला. मुलतानजवळच्या रायपूर या खेड्यात जन्मलेल्या आणि आनुवंशिक लिपीच्या उकलीबद्दल १९६८ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने, आपल्या प्रयोगशाळेत जिवंत पेशीत काम करील असे जनुक अक्षरश: अक्षर जोडून घडवायचे ठरवले, तेव्हा निवड केली ती याच टायरोसीनच्या शमनकारी वाहकाच्या जनुकाची. कारण उघड होते: हे जनुक काम करते की नाही याची साक्ष जीवाणू स्वत: देणार होता. १९७६ साली २०७ जोड्यांचे ते मानवनिर्मित जनुक जीवाणूत घातले गेले आणि त्याने अँबर चुकीचे शमन केले. माणसाने घडवलेल्या जनुकाने जिवंत पेशीत सर्वप्रथम जे काम केले, ते चूक सांभाळून घेण्याचे होते.

जीवाणू आणि त्याचा भक्षक यांच्यातील देण्याघेण्याची एक हकीकत याच्याच शेजारी ठेवावीशी वाटते. १९७० नंतरच्या काही वर्षांत असे जीवाणू सापडले, की ज्यांच्यात लॅम्डा नावाच्या विषाणूला आपले शिर बांधताच येईना. आणि अशा जीवाणूवरही वाढणारे विषाणू शोधले, तेव्हा विषाणूच्या शिरोभागाच्या ‘ई’ या जनुकात बदल झालेला आढळला. जीवाणूतील दोषाचे शमन विषाणूतील बदलाने झाले होते! त्यावरून जीवाणूच्या त्या जनुकाला नाव मिळाले, आणि पुढे उमगले, की ते जनुक प्रथिनांना नीट घडी घालण्यास साह्य करणाऱ्या रेणूचे आहे, आणि तसे रेणू आपल्या पेशींतही आहेत. वैऱ्यानेच आपल्या घरातील एका अबोल सेवकाची ओळख करून द्यावी, असा हा प्रकार.

आता पुन्हा कोयनानगरला येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चारच्या सुमारास जमीन गडगडली. मी लहान होतो. आईने मला उचलून अंगणात आणल्याचे, थंडीत उघड्यावर उभ्या असलेल्या माणसांचे, आणि सगळी वसाहत एकाएकी बुटकी झाल्यासारखी दिसल्याचे मला आठवते. पावणेदोनशेच्या वर माणसे त्या भूकंपात गेली. १०३ मीटर उंचीचे आणि ८०० मीटरांहून अधिक लांबीचे धरण उभे राहिले, परंतु त्याच्या काही उंच खंडांना, जेथे भिंतीचा उतार एकदम बदलतो त्याच उंचीवर, आडव्या भेगा गेल्या. पुढे अभियंत्यांनी भेगांत राळ भरली, पोलादी तारांनी खंड आवळले, आणि शेवटी धरणाच्या पायथ्याकडील अंगाने भक्कम टेकूच्या भिंती उभारल्या. भिंतीचा मूळ आकार तोच राहिला. तिचा भार वाहण्यासाठी शेजारी दुसरे बांधकाम आले. मुलांना शमन शिकवताना मी प्रथम ते टेकूच दाखवतो, आणि नंतर सांगतो, की टेकू काढून घेतला तर पहिल्या भिंतीची मूळ दुबळी जागा पुन्हा दिसेल. संकराच्या कसोटीत जुनी विकृती वर येते, ती अशीच.

अशा भूकंपांचे मूळ शोधण्यासाठी अलीकडच्या काळात आमच्या खोऱ्यात खोल छिद्रे घेण्यात आली. रासाटीच्या छिद्रात सुमारे ९३३ मीटर खोलीवर सह्याद्रीचा काळा पत्थर संपून त्याखालचा प्राचीन ग्रॅनाइट लागला. गोठण्याजवळचे छिद्र तीन किलोमीटर खोल गेले. त्या खोल खडकाच्या गाभ्यांतून जीवाणूंच्या आणि आर्किया या आदिम सूक्ष्मजीवांच्या डीएनएचा माग लागला आहे. प्रकाश नाही, अन्न अत्यल्प, दाब अफाट, अशा ठिकाणी जीवन टिकते. त्या सूक्ष्मजीवांच्या मजकुरातही चुका होत असणार, कारण नक्कल करणारा प्रत्येक हात कधी ना कधी चुकतो. आणि ज्यांच्या चुका दुसऱ्या बदलाने सांभाळल्या गेल्या, तेच तेथे उरले असणार.

आबांच्या निधनानंतर त्यांची एक कच्ची वही माझ्याकडे राहिली. तिच्यात लाल शाईच्या नोंदी ठिकठिकाणी आहेत, आणि त्या वाचताना त्या माणसाची सगळी रीत कळते: कोणत्या घाईच्या दिवशी आकडे उलटले, कोणत्या रकमेपाशी दमलेला हात चुकला, आणि त्याने ते किती प्रामाणिकपणे सांभाळून घेतले. चुका पुसून टाकल्या असत्या, तर बेरीज मला मिळाली असती, माणूस मिळाला नसता. गॅरेन आणि सिद्दिकी, क्रिक आणि ब्रेनर, साराभाई आणि खोराना यांनी जीवाणूंच्या वहीतील अशाच लाल नोंदी चिकाटीने वाचल्या, आणि प्रत्येक नोंदीतून लिहिणाऱ्या हाताची एकेक सवय त्यांना कळत गेली: लिपी तीन-तीन अक्षरांनी चालते, ती एका दिशेने वाचली जाते, पूर्णविराम कोठे पडतो, दुभाषी कोण. वहीच्या शेवटच्या पानावर, सहीच्या वर, आबांच्या वळणदार अक्षरांत ते तीन शब्द आहेत. चूकभूल नुसती द्यावी असे त्यांत नाही, घ्यावीही असे आहे. आणि आयुष्यभर जीवाणूंच्या बशा पाहून झाल्यावर मला वाटते, की जगण्याचा सगळा व्यवहार त्या दुसऱ्या क्रियापदावर चाललेला आहे.